एका दगडावरची मोजणी

आम्ही राहायला गेलो ते गाव सॉमरसेटमधलं, नदीकाठचं आणि पाट्यांनी भरलेलं. मान वर करून चालावं तर दर दहा पावलांवर भिंतीवर काहीतरी लिहिलेलं. इथे लोकरीचा व्यापारी राहत होता. इथे घोड्यांना पाणी पाजायचं टाकं होतं. इथे एका राजाने लढाईच्या आदल्या रात्री मुक्काम केला, आणि त्या एका मुक्कामाच्या जोरावर ते हॉटेल अजून खोल्यांचे दर चढे ठेवून आहे. लायब्ररीत या सगळ्या पाट्यांचं एक घडीचं पत्रक फुकट मिळायचं. नकाशावर आकडे आणि प्रत्येक आकड्याखाली चार ओळी. पहिली दोन वर्षं मी ते पत्रक फक्त फ्रीजवर लावलेलं पाहिलं.

मला तेव्हा पाट्यांपेक्षा बॉयलरची काळजी होती. बेकरीच्या वर दोन खोल्यांचा भाड्याचा फ्लॅट, पहाटेपासून पावाचा वास, आणि हिवाळ्यात हमखास बंद पडणारं गरम पाणी. नवरा रोज गाडीने ब्रिस्टलला सॉफ्टवेअर कंपनीत जायचा, मी जवळच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होते. लग्नानंतर साउथहॅम्प्टनला दीड वर्ष, मँचेस्टरला दोन, मग हे गाव. नवऱ्याचा मामेभाऊ लंडनमध्ये हॅरोला राहायचा. तो दर वेळी विचारायचा, "तिकडे मेथी तरी मिळते का?" मिळत नव्हती. पण पुन्हा खोके बांधायला माझी तयारी नव्हती. बदल्या माझ्या पाचवीलाच पुजलेल्या होत्या. बाबा सरकारी मोजणी खात्यात होते, दर तीन वर्षांनी नवा तालुका, नवं क्वार्टर. बारावीपर्यंत मी सहा शाळा केल्या. आता मला स्वतःचा उंबरा हवा होता, आणि तो या गावात मिळाला तरी चालणार होता.

बाबा पहिल्यांदा आले ते आमच्या तिसऱ्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, सहा महिन्यांच्या व्हिसावर. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. ते साताऱ्याला माझ्या भावाकडे राहत होते आणि भावाच्या म्हणण्याप्रमाणे दिवसभर गॅलरीत बसून समोरच्या बांधकामातल्या चुका काढत होते. इथे आल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांना फ्रीजवरचं पत्रक दिसलं. चौथ्या दिवशी ते भावाचं जाकीट घालून, खिशात वही आणि टेप घेऊन, पाटी नंबर एकपाशी उभे होते.

लोक पाट्या वाचतात, बाबा त्या तपासायचे. ही पाटी कुणी लावली? आधार काय? या भिंतीचा दगड वेगळा कसा? संध्याकाळी मी कामावरून आले की चहाबरोबर अहवाल मिळायचा. टाक्याची पाटी बरोबर आहे. व्यापाऱ्याचं घर मागे पाच फूट वाढवलेलं आहे, पाटीत उल्लेख नाही. राजाच्या मुक्कामाला पुरावा काही दिसत नाही, पण जेवण बरं असावं.

हा संशय त्यांच्या नोकरीतला होता. पस्तीस वर्षं त्यांनी भावाभावांच्या जमिनी मोजल्या. बांध कोरणाऱ्यांच्या गोष्टी आम्ही लहानपणी जेवताना ऐकायचो. हद्दीचा दगड चार हात सरकायचा, आणि सरकवणारा त्याच्यावर लगेच हळदकुंकू वाहायचा, म्हणजे देव समजून कुणी हात लावू नये. बाबा आधी नमस्कार करायचे आणि मग टेप लावायचे. त्यांचा एक नियम होता. एका दगडावर मोजणी करायची नाही. दुसरा दगड शोधायचा, त्याच्यावरून पुन्हा मोजायचं, दोन्ही जुळले तरच कागदावर घ्यायचं. या नियमामुळे त्यांना जेवायला उशीर व्हायचा आणि आई कावायची.

गावात त्यांची ओळख झाली ती चर्चच्या भिंतीपाशी. भिंतीच्या पायथ्याला एक आडवी रेघ आणि तिच्याखाली बाणासारख्या तीन रेघा कोरलेल्या होत्या. पत्रकात लिहिलं होतं की ही जुन्या पाथरवटाची खूण असावी. बाबा तिथे वाकून बघत असताना एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई आल्या. त्या गावाच्या हिस्टरी सोसायटीच्या सेक्रेटरी निघाल्या, पत्रक त्यांनीच लिहिलेलं. बाबांनी त्यांना आपल्या इंग्रजीत सांगितलं की ही पाथरवटाची नाही, सर्व्हेची खूण आहे. या रेघेची समुद्रापासूनची उंची नोंदलेली असते आणि तिच्यावरून बाकीच्या उंच्या काढतात. आमच्या तालुका कचेरीच्या पायरीवर साहेबाच्या काळातली अशीच होती. बाईंनी घरी जाऊन पडताळून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी बेकरीच्या जिन्यावरून वर येऊन केक दिला. पुढच्या छपाईत त्या चार ओळी बदलल्या. बाबांनी पत्रकाच्या दहा प्रती साताऱ्याला पाठवल्या.

घर सापडलं मे महिन्यात. नदीच्या बाजूने एक गल्ली वर चढत जाते. खाली तोंडाशी जुनी पिठाची गिरणी, आता तिचे फ्लॅट झालेले, आणि वरच्या टोकाला दगडी घरांची एक ओळ. त्यातलं शेवटचं. दोन पायऱ्या, निळं दार, मागे बागेचा हातभर तुकडा. मी आत शिरले आणि स्वयंपाकघरात ओटा कुठे, डबे कुठे, हे ठरवून बाहेर आले. नवरा म्हणाला, "अगं, पण सॉलिसिटरचा रिपोर्ट बघ. फ्लडिंगची शक्यता लिहिली आहे." एजंट म्हणाला की ते या भागात निम्म्या घरांना लिहितात. मग तो आम्हाला खाली गिरणीपाशी घेऊन गेला. भिंतीत लोखंडी पट्टी होती, तिच्यावर रेघ, साल आणि अक्षरं. पत्रकातला नंबर चौदा. गावातला सगळ्यात मोठा पूर इथपर्यंत आला होता. "तुमचं घर केवढं वर आहे ते बघा," एजंट म्हणाला.

गल्ली चढताना घर वर आहे असं वाटायचंच. पण वाटणं आणि असणं यात फरक असतो, हे ज्यांच्या घरात मी शिकले त्यांनाच विचारलं. बाबा म्हणाले, "त्यात काय, पाणसळ लावू."

पाणसळ म्हणजे आपले गवंडी वापरतात ती लांब पारदर्शक नळी. आत पाणी भरायचं. दोन माणसांनी दोन टोकं धरायची. मधली जमीन कशीही चढूदे, उतरूदे, दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर थांबतं. बाबांनी हार्डवेअरच्या दुकानातून नळी आणली. पाणी नीट दिसावं म्हणून त्यात, हॅरोहून मामेभावाने दिलेल्या पुडीतला जिलबीचा रंग टाकला. मग शनिवारी सकाळी आम्ही दोघं बापलेक गिरणीच्या पट्टीपासून निघालो. नवरा त्या दिवशी ऑफिसात होता. बाबा खालचं टोक पट्टीच्या रेघेशी धरायचे, मी वरचं टोक घेऊन पुढच्या भिंतीपाशी. पाणी स्थिर झालं की भिंतीवर खडूने खूण. मग बाबा त्या खुणेपाशी यायचे आणि मी पुढे. बुडबुडा दिसला की नळी रिकामी करून पुन्हा भरायची. आमच्या खुणा गल्लीबरोबर वर वर चालल्या होत्या, म्हणजे खुणा एकाच उंचीवर आणि जमीन त्यांच्याकडे चढत येणारी. कुत्रं घेऊन निघालेल्या एका गृहस्थाने बाबांना विचारलं, तुम्ही वॉटर कंपनीचे का? बाबा म्हणाले, "नो नो, ओन्ली फादर."

दीड तासाने शेवटची खूण घराच्या खालच्या पायरीवर पडली. उंबरा तिच्यापेक्षा एक वीत वर होता. मोठ्यात मोठा पूरही दाराबाहेर थांबला असता. मी आनंदाने नळी खाली टाकली आणि जिलबीच्या रंगाचं पाणी पायरीवर सांडलं.

बाबा मात्र पुलाकडे बघत होते. पूल ओलांडला की एक जुना पब होता, त्याच्या दाराच्या दगडी चौकटीवर कुणीतरी खिळ्याने कोरावी तशी एक रेघ आणि तेच साल होतं. पत्रकात तिचा उल्लेख नव्हता, बाबांनी ती स्वतः शोधलेली. ते म्हणाले, "त्याच पुराची दुसरी खूण आहे ती. तिच्यावरून एकदा घेऊ. दोन्ही सारख्या आल्या पाहिजेत."

ओली नळी धरून माझे हात गारठले होते. पुलापलीकडून इथपर्यंत म्हणजे आणखी दोन तास. सोमवारी एजंटला उत्तर द्यायचं होतं आणि दुसरं एक जोडपं घर बघून गेलं होतं. मी म्हणाले, "बाबा, पुरे आता. इथे कोण दगड हलवतंय? हे लोक दगडाला नंबर देतात."

"तसं नाही बाळ, अर्धवट मोजणी..."

"आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्यात. मी एकदा घर मागतेय तर त्यातसुद्धा खोट काढायचीच का?"

हे मी अगदी याच शब्दांत बोलले. ऊन पडलं होतं, बाबांच्या हातात खडू होता. त्यांनी खडू खिशात ठेवला आणि नळी गुंडाळायला घेतली. एकदा नीट गुंडाळली, मग सोडून पुन्हा गुंडाळली. "बरं," ते म्हणाले. "तू म्हणतेस तर घे."

संध्याकाळी नवऱ्याने विचारलं तेव्हा त्यांनी फक्त आकडा सांगितला. उंबरा एक वीत वर. सप्टेंबरात घोडं गंगेत न्हालं. बाबा परत जाण्याआधी पंधरा दिवस त्या घरात राहिले, मागच्या बागेत कोथिंबीर लावून गेले आणि ती उगवलीसुद्धा.

वर्षभर घराने काही त्रास दिला नाही. पुढच्या डिसेंबरात सलग पाऊस लागला आणि एका शनिवारी दुपारी नदी गिरणीच्या अंगणात आली. आम्ही वरून बघत होतो, इतरांची कीव करत. पाणी पट्टीच्या रेघेला लागलं तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, झालं, आता इथपर्यंतच. मी हे इतक्या खात्रीने म्हटलं की आम्ही गालिचासुद्धा उचलला नाही. तासाभरात रेघ पाण्याखाली गेली. मग आमची खालची पायरी. मग दाराच्या फटीतून चहाच्या रंगाचं पाणी न विचारता आत आलं आणि स्वयंपाकघरात पोटरीपर्यंत चढून थांबलं. पिठाचे, डाळींचे डबे मी खालच्या कपाटात ठेवले होते. तुरीची डाळ दोन दिवस घरभर सापडत होती.

रविवारी सकाळी बाबांचा फोन आला. नेहमीचाच, आठवड्याचा. मी म्हणाले, "थोडं पाणी आलं होतं."

"उंबऱ्याच्या वर किती?"

मोजणीदाराला थोडं चालत नाही. मी सांगितलं, पोटरीपर्यंत. मग ते म्हणाले, "दुसरी खूण बघायला हवी होती. माझी चूक झाली."

तिथे मी बोलायला हवं होतं. तुम्ही निघाला होतात, मी अडवलं, एवढंच वाक्य. मी म्हणाले, "जाऊ दे हो बाबा, इन्शुरन्स आहे." आणि विषय डाळीवर नेला.

इन्शुरन्स होताच. फरशा उकरल्या, भिंती वाळवायची यंत्रं तीन महिने घरघरत होती, आणि आम्ही वरच्या खोलीत इलेक्ट्रिकच्या शेगडीवर खिचडी करत होतो. गावाच्या वर्तमानपत्रात आलं की हा पूर जुन्या पुराहूनही मोठा होता. नवरा भला माणूस, पण थकला की त्याची जीभ सुटते. ओल्या भिंतीवर हात ठेवून तो एकदा म्हणाला, "बाबांची पाणसळ, काय बोलणार." मी हसले. लिहायला लाज वाटते, पण हसले. त्याला काही माहीत नव्हतं. त्या सकाळी गल्लीत आम्ही दोघंच होतो, आणि बाबा सांगणाऱ्यातले नव्हते.

एप्रिलमध्ये भावाचा फोन आला. निवृत्तीनंतरही लोक बाबांना बोलवायचे. दोन भावांत तंटा झाला, कोर्टात जायचं नसलं की बाबांना गाडीत घालून शेतावर न्यायचे. त्यांचं माप दोन्हीकडून मान्य व्हायचं. भाऊ म्हणाला, "हल्ली येणाऱ्याला परत पाठवतात. विचारलं तर म्हणतात, माझं माप आता चालत नाही. काय झालंय तिकडे? तुला काही बोललेत का?"

मी नाही म्हणाले. फोन ठेवल्यावर बराच वेळ नव्या फरशीकडे बघत बसले. माझं घर दुरुस्त झालं होतं. पैसे विमा कंपनीने भरले होते आणि चूक बाबांनी घेतली होती. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि ते मला छान जमत होतं. स्वतःचा इतका राग मला आधी कधी आला नव्हता.

मी त्यांचं तिकीट काढलं. यायला तयार नव्हते, घर बघवणार नाही म्हणाले. शेवटी मी खोटं सांगितलं की सेक्रेटरी बाई रोज विचारतात. मग बाईंकडे जाऊन म्हटलं, रोज विचारा.

जुलैमध्ये बाबा आले. वजन कमी झालं होतं. गल्ली चढताना त्यांनी गिरणीच्या पट्टीकडे बघितलं नाही. घरात आल्यावर भिंतीचा खालचा भाग हाताने चाचपला, वास घेतला, आणि नव्या गिलाव्याला काही नाव न ठेवता खुर्चीत बसले. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. यांनी ताकाचं भांडंच लांब ठेवलं होतं. आठवडाभर नळी कपाटात होती आणि त्यांनी विचारली नाही.

ती बाहेर काढली बाईंनी. त्या एका सकाळी वही घेऊन आल्या आणि म्हणाल्या की त्यांना वर्तमानपत्रातली बातमी पटत नाहीये. डिसेंबरातला पूर पट्टीच्या हातभर वर चढला, पण पबच्या चौकटीवरच्या रेघेच्या खालीच राहिला, पबवाला स्वतः सांगतो. मग मोठा पूर कोणता? बाबांनी मान वर केली. मी त्यांना तसं मान वर करताना पाहिलं आणि मला लहानपणचं जेवणाचं ताट गार होत असल्याचा भास झाला.

या वेळी तिघांनी मोजलं. बाई सत्तरीच्या, पण नळीचं टोक त्यांनी पुलाच्या कठड्यावर असं धरलं की बाबा म्हणाले, खात्यात असत्या तर हेड सर्व्हेअर झाल्या असत्या. पबच्या रेघेवरून निघून आम्ही गिरणीपर्यंत आलो. मग बाबा म्हणाले, परत उलटं मोजू. उलटं मोजलं. दोन्ही वेळा तेच. एकाच पुराच्या दोन खुणा, पुलाच्या दोन बाजूंना, आणि गिरणीची पट्टी पबच्या रेघेपेक्षा दीड हात खाली.

उत्तर बाईंच्या खोक्यात मिळालं. सोसायटीकडे जुन्या फोटोंची खोकी होती. त्यात गिरणीचा एक फोटो होता, फ्लॅट होण्याआधीचा. पट्टी दाराच्या कपाळपट्टीपेक्षा वर, शिडी लावल्याशिवाय वाचता येणार नाही अशी. बांधकामात भिंत उतरवून पुन्हा चढवली, तेव्हा कुणीतरी चांगल्या मनाने पट्टी माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर बसवली होती, येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता यावी म्हणून. जमीन लाटण्यासाठी दगड हलवणारे बाबांना माहीत होते. वाचकाच्या सोयीसाठी पूर खाली आणणारी माणसं त्यांना नवीन होती.

ऑगस्टमध्ये सोसायटीची बैठक झाली, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये. पंधरावीस माणसं, बिस्किटं, पडद्यावर तो फोटो. बाईंनी सगळं सांगितलं आणि बाबांना पुढे बोलावलं. बाबांनी कोट घातला होता. त्यांनी मोजणी समजावली, आकडे फळ्यावर लिहिले. मग थांबून म्हणाले, "आय ॲम सर्व्हेअर, थर्टी फाइव्ह इयर्स. फर्स्ट टाइम, आय टुक वन मार्क ओन्ली. दॅट वॉज माय मिस्टेक. वॉटर केम इन माय डॉटर्स हाउस."

लोक गंभीर झाले. नवरा माझ्या शेजारी खाली मान घालून बसला होता, भिंतीवर हात ठेवून काय बोलला होता ते त्याला आठवत असणार. मी तिसऱ्या रांगेत बसून बाबांकडे बघत होते. ते परक्या भाषेत, परक्या लोकांसमोर, माझी चूक आपली म्हणून सांगत होते, आणि शब्द आठवेना म्हणून मध्ये अडखळतही होते. मी तेव्हासुद्धा उठले नाही. पुढे सोसायटीने पट्टी मूळच्या जागी वर चढवली, खाली वाचायला छोटी पाटी लावली. पुढे बाबा साताऱ्याला गेल्यावर पुन्हा लोकांच्या शेतावर जाऊ लागले, हेही भावाने कळवलं. पण ते नंतर.

बैठक संपली तेव्हा उजेड होता. नवरा बाईंना खुर्च्या आवरू लागायला थांबला, आणि बाबा आणि मी नदीच्या बाजूने घरी निघालो. गिरणी मागे पडल्यावर मी म्हणाले, "बाबा, एक सांगायचंय."

"सांग."

"त्या दिवशी तुम्ही पबची खूण बघायला निघाला होतात. मी अडवलं. नको ते बोलले. चूक माझी होती, आणि आठ महिने मी ती तुमच्या नावावर राहू दिली. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. आज सांगेन."

बाबा चालत राहिले. "मला आठवत नाही असं वाटलं का तुला?"

"मग तुम्ही कधीच का बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? मोजणीच्या वेळी प्रत्येकालाच घाई असते. कुणाची पेरणी तोंडावर, कुणाच्या मुलीचं लग्न. शेतकरी मागे उभा राहून घाई करतो, कधी शिव्यासुद्धा देतो. आपण ऐकायचं नसतं. नकाशाखाली सही त्याची नसते, मोजणीदाराची असते."

"मी शेतकरी नाही, बाबा. मी तुमची मुलगी आहे."

"म्हणून तर थांबलो," बाबा म्हणाले. "शेतकऱ्यासाठी थांबलो नसतो."